एक दिवस आधी

विक्रांत आगासकर वकिली करायचा ती पोटासाठी. जीव मात्र त्याचा दोन ठिकाणी अडकलेला होता, क्रिकेटच्या मैदानात आणि फौजेत, आणि दोन्हीकडे तो हौशीच होता. मैदानात त्याला कुणी पैसे देत नव्हतं. फौजेतही तो कायमचा नव्हता. टेरिटोरियल आर्मीत होता. म्हणजे एरवी आपला कामधंदा सांभाळायचा, वर्षातून एकदा शिबिराला जायचं, आणि सरकारचं बोलावणं आलं की काळा कोट खुंटीला टांगून वर्दी चढवायची. त्याची बायको अवनी दातांची डॉक्टर होती. ती मैत्रिणींना म्हणायची, लोकांच्या नवऱ्याचं बाहेर एखादं प्रकरण असतं, माझ्या नवऱ्याची दोन आहेत, एक पांढऱ्या कपड्यातलं आणि एक हिरव्या.

आगासकर म्हणजे गिरगावातले जुने पाठारे प्रभू. विक्रांतचे खापरपणजोबा व्हिक्टोरिया राणीच्या काळात गोऱ्यांच्या संघाविरुद्ध क्रिकेट खेळलेले. खेळायला ते चालले. पण गोऱ्यांनी हौशी शिपायांची पलटण उभी केली आणि हे आपलं नाव घालायला गेले, तेव्हा नेटिवांना जागा नाही म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं. विक्रांतचे वडील अच्युतराव ही गोष्ट दर दिवाळीत फराळाच्या वेळी सांगत. विक्रांत खांद्यावर तारे लावून पहिल्यांदा घरी आला, त्या दिवशी म्हातारा दुखऱ्या गुडघ्यांनी एकटाच जिना उतरला आणि ठाकूरद्वारच्या नाक्यावरून पेढे घेऊन आला. कौतुकाचा शब्द मात्र तोंडातून काढला नाही. नातीच्या, ऋग्वेदाच्या, हातात पुडा देऊन म्हणाले, सगळ्या मजल्यांवर वाटून ये.

क्रिकेटर म्हणून विक्रांत थोर वगैरे नव्हता. ठाकूरद्वारच्या एका जुन्या क्लबातर्फे तो भर पावसाळ्यात होणारी कांगा लीग खेळायचा, सलामीला जायचा. पावसात भिजलेल्या खेळपट्टीवर चेंडू कधी घोट्याशी सरपटतो, कधी हनुवटीशी उसळतो. अशा विकेटवर भले भले फलंदाज दहा मिनिटांत चिखल झटकत परत येत. विक्रांत मात्र तास-तास उभा राहायचा. धावा फारशा नसत, अंगावर काळेनिळे डाग मात्र भरपूर.

त्यातला एक डाग निलेश घाडीगावकरने दिला आणि तिथून त्यांची ओळख झाली. निलेश भोईवाड्याचा. लालबाग-परळच्या गल्ल्यांत टेनिस बॉलचे सामने खेळून मोठा झालेला. लेदर बॉल त्याने हातात धरला तो क्रॉस मैदानावर, क्लबच्या नेटमध्ये. पहिलाच चेंडू विक्रांतच्या बरगडीत बसला. निलेश धावत आला, दादा, लागलं काय, म्हणून त्याने पाठ चोळली, आणि परत जाऊन पुढचा चेंडू बरोबर त्याच बरगडीत घातला. विक्रांत खाली बसला तो हसत हसतच बसला.

दोघांच्या वयात चांगलं अंतर होतं, पण जमलं. सामना माटुंग्याला किंवा दादरला असला की परतताना निलेश त्याला घरी ओढून न्यायचा. भोईवाड्यात पुनर्वसनाच्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, एका खोलीचं घर. वडील लवू पूर्वी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. मिलच्या जागी आता मॉल उभा होता आणि त्याच मॉलच्या दारात निलेश लोकांच्या बॅगा तपासायचा. बहीण रुपाली परळच्या एका इस्पितळात रक्ततपासणीच्या विभागात होती. आणि आई शांता. तिने पहिल्या दिवशी विक्रांतपुढे तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं ठेवलं आणि विचारलं, तुम्ही प्रभू लोक माशाच्या कालवणात बेसन घालता ते खरं काय? विक्रांतने हो म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला आणि त्याच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली. गेली कित्येक वर्षं त्या बापड्याला नीट खायला मिळालेलं नाही, असा तिचा ग्रह झाला तो कायमचा.

फौजेचं वेड निलेशला विक्रांतमुळेच लागलं. विक्रांतने त्याला ओढलं नाही, पण अडवलंही नाही. शिबिराहून आल्यावर तो ज्या तऱ्हेने बोलायचा, ते ऐकून पोराचे डोळे चमकायचे. भरतीचा मेळावा लागला तेव्हा निलेश पहाटे उठून नरे पार्कात धावायला लागला आणि विक्रांत गिरगावहून येऊन हातात घड्याळ धरून उभा राहू लागला. निवड झाली. शांताने तेव्हा विक्रांतला दारातच धरलं.

"तुमका सगळा आसा," ती म्हणाली. "तुमी हौशेन जातास. माझ्या झिलाक कित्याक नेतास?"

विक्रांत म्हणाला, "मी आहे ना त्याच्याबरोबर."

हे वाक्य त्याने अगदी सहज टाकलं होतं. तोवर विक्रांत कॅप्टन झाला होता, पलटण तीच होती. शिबिरात निलेश त्याला कडक सॅल्यूट ठोकून साहेब म्हणायचा आणि मैदानात दादा. दोन्हीची सरमिसळ त्याने कधी होऊ दिली नाही.

दोन वर्षांनी बोलावणं आलं. पलटण काश्मीरला निघाली. विक्रांतने पक्षकारांच्या फायली मित्राकडे सोपवल्या, ऋग्वेदाला शाळेच्या दाराशी सोडलं आणि परस्पर स्टेशन गाठलं. तिकडे त्यांच्याकडे डोंगरातल्या एका रस्त्याची राखण होती. सकाळी गाड्या सुटण्याआधी रस्ता चालत तपासायचा, संध्याकाळी शेवटची गाडी गेली की परतायचं. थंडी सरली, बर्फ वितळायला लागलं, आणि भोईवाड्यात रुपालीचं लग्न ठरलं.

निलेशची रजा मंजूर होती. हळदीच्या संध्याकाळी तो घरी पोचेल असा बेत होता. निघण्याच्या दोन दिवस आधी तो विक्रांतच्या खोलीबाहेर येऊन उभा राहिला. सॅल्यूट केला, आत आला. मग म्हणाला, "दादा, एक दिवस आधी सोडाल? आई म्हणते देवक बसायच्या वेळेला भाऊ हवा."

वर्दीत असताना दादा म्हणण्याची त्याची ती पहिली वेळ. त्या एका शब्दासाठी त्याला काय मोडावं लागलं असेल ते विक्रांतला कळलं. बघतो, असं त्याने साहेबाच्या आवाजात म्हटलं खरं, पण निलेश बाहेर पडताच त्याने रजेवर जाणाऱ्यांची जुळवाजुळव केली. आदल्या दिवशीच्या गाडीत साताऱ्याकडच्या आनंदा नावाच्या जवानाची जागा होती. आनंदाला घाई नव्हती. घरी नुसती बायकोच वाट बघतेय, तिला सवय आहे, असं म्हणून त्याने हसत जागा दिली आणि निलेशची दुसऱ्या दिवशीची जागा घेतली.

सकाळी निलेश ट्रकच्या मागच्या फळीला पाय लावून चढला. चढता चढता फोनवर आईशी बोलत होता. ट्रक वळणाआड गेला. दुपारी पाऊस आला, त्या दिवसांत येऊ नये असा, आणि खालच्या घाटात डोंगराची एक कडच्या कड रस्त्यावर आली.

विक्रांत तिथे पोचला तेव्हा ट्रक कुठे असेल हेसुद्धा सांगता येत नव्हतं. जवानांनी फावड्यांनी, मग हातांनी माती काढली. दोघे जिवंत निघाले. तिघे गेले. निलेश दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सापडला. मेलेल्याचा चेहरा झोपल्यासारखा शांत दिसतो असं लोक सांगतात. तसं काही नव्हतं. विक्रांतने आपल्या रुमालाने त्याच्या तोंडातली माती काढली आणि त्याच सकाळी दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने आनंदाची गाडी सुखरूप खाली उतरली.

घरी कळवायचं काम त्याने दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. फोन लवूंनी उचलला. मागे बायकांचा गलका होता, कुणीतरी मिक्सर लावला होता, कुणी पाटाखाली रांगोळी कुठली घालायची म्हणून विचारत होतं. विक्रांतने सांगितलं. लवूंनी सगळं ऐकून घेतलं. मग "बरा" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. तो "बरा" विक्रांतच्या कानातून पुढे कधी गेला नाही.

शवपेटीबरोबर त्याला जाता आलं नाही. रस्ता पुन्हा खुला करायचा होता, दुसरा अधिकारी नव्हता. भोईवाड्याच्या गल्लीतली ती गर्दी, तिरंगा, रांगेने उभी राहिलेली शाळेतली मुलं, हे सगळं त्याने कुणीतरी पाठवलेल्या व्हिडिओत पाहिलं. त्यात शांता कुठे दिसली नाही. रुपाली दिसली. तिच्या हातावरची मेंदी अजून ताजी होती.

पलटणीचा मुक्काम संपून तो गिरगावात परतला तेव्हा गणपती होऊन गेले होते. अच्युतराव स्टेशनवर आले होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. घरी सगळं जिथल्या तिथे होतं. विक्रांत कोर्टात जायला लागला. तारखा, अर्ज, पक्षकार, सगळं यंत्रासारखं चाललं. भोईवाड्याला मात्र त्याचे पाय वळेनात. एकदा कामानिमित्त टॅक्सीने शिवडीकडे जाताना ड्रायव्हरने भोईवाडा कोर्टाच्या बाजूने गाडी घातली, तर विक्रांतने त्याला मागे फिरवून भलत्याच लांबच्या रस्त्याने नेलं.

काय झालं ते त्याने फक्त अवनीला सांगितलं. अवनी म्हणाली, त्याने मागितलं, तू दिलंस, यात तुझा काय दोष? हे तो स्वतःलाही रोज सांगत होता. वकिलाचा युक्तिवाद होता, बिनतोड होता, आणि कशालाच पुरत नव्हता.

मग एका शनिवारी रुपाली त्याच्या ऑफिसात आली. तिचं लग्न नोंदणी करून उरकलं होतं. सासर जवळच, अँटॉप हिलला, त्यामुळे रोज आईकडे फेरी व्हायची. ती खुर्चीच्या कडेवर बसली. म्हणाली, आई जेवत नाही. ताटावर बसते, भात चिवडते, उठते. बोलत नाही, रडतही नाही. डॉक्टर म्हणतात शरीरात काही नाही. आता आतापर्यंत अंगावरचे ब्लाऊज घट्ट होते, ते लोंबायला लागलेत. एवढ्या महिन्यांत तिने एकच गोष्ट दोन-तीनदा विचारली आहे, वकीलसाहेब आले नाहीत काय.

"तुम्ही एकदा या," रुपाली म्हणाली. "तिला काहीतरी विचारायचंय तुम्हाला. आम्हाला सांगत नाही."

विक्रांत दुसऱ्याच दिवशी गेला. अवनी येते म्हणाली, पण त्याने तिला नको म्हटलं. लिफ्टमध्ये त्याने मनात वाक्यं जुळवली. मीच त्याला आदल्या दिवशी सोडलं, मला माफ करा, असं म्हणायचं. त्या म्हणतील, तुमचं काय चुकलं. ते ऐकायला आपण इतके महिने तहानलो आहोत, हे त्याला अकराव्या मजल्यावर पोचेपर्यंत उमगलं आणि स्वतःची लाज वाटली.

दार लवूंनी उघडलं. येवा, म्हणाले, खुर्ची पुढे केली आणि स्वतः चहा ठेवायला वळले. भिंतीवर निलेशचा वर्दीतला फोटो होता. शांता ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. विक्रांतने तिला ओळखलं ते केवळ ती तिथे बसली होती म्हणून. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जातील इतके हात वाळले होते.

लवूंनी चहा दिला. पलटणीतली माणसं बरी आहेत का, मुलगी कितवीत आहे, असं थोडं विचारलं. विक्रांत खुर्चीवरून उतरून जमिनीवर शांतासमोर बसला.

"माका एक इचारूचा होता," ती म्हणाली.

"विचारा."

"त्येका फोनवर मीयाच सांगलंय. सायबाक इचार, एक दिस आदी सोडतत काय. देवक बसतला, भाव होयो. तो म्हणी, आये, बरा दिसत नाय असा मागूक. मीया हट्ट केलंय. माझ्या गळ्याची शपथ घातलंय त्येका." तिने पदराचं टोक मुठीत धरलं. "मागल्यान ना त्येना? माझ्या सांगण्यावरून मागल्यान?"

"सोड गे ता," लवू ओट्याजवळून म्हणाले. त्यांनाही हे नवीन होतं हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

विक्रांतच्या हातातला कप तसाच राहिला. दादा, एक दिवस आधी सोडाल? आई म्हणते... त्याला पोराचा आवाज, दारातून आलेला थंड वारा, सगळं आठवलं. इतके महिने ही बाई ताटावर बसून काय गिळत होती ते त्याच्या लक्षात आलं. तो खरं सांगू शकत होता. खरं सांगून शेजारी हेही म्हणू शकत होता, की आई, यात तुमचा दोष नाही, माझा नाही, डोंगराचा आहे. अवनीने त्याला हेच सांगितलं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. त्याने कप खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "त्यानं काही मागितलंच नाही."

शांता पुढे वाकली.

"तो बोललाच नाही माझ्याशी. मीच आपल्या मनानं ठरवलं. लग्नघर आहे, जाऊ दे लवकर, म्हणून दुसऱ्याची जागा काढून त्याला बसवलं." आणि मग, साक्ष पक्की बसायला एक जादा खिळा लागतो हे वकिलाला ठाऊक असतं, म्हणून तो पुढे म्हणाला, "तो नको म्हणत होता. साहेब, ठरल्या दिवशीच जातो, म्हणाला. मी ऑर्डर दिली."

खाली कुठेतरी एका गाडीचा हॉर्न वाजत राहिला.

"तो नको म्हणी होतो," शांता म्हणाली.

"हो."

"आणि तुमी धाडलास."

"हो."

तिचं तोंड आधी नुसतं उघडलं. आवाज नंतर आला. निलेश गेल्यापासून न रडलेली बाई जमिनीवर दोन्ही हात आपटून रडायला लागली, माझ्या सोन्याक धाडल्यानी, नको म्हणता म्हणता धाडल्यानी, असं म्हणत. शेजारणी दाराशी आल्या. एकीने तिला कुशीत घेतलं. विक्रांत उठला. पाया पडावं असं त्याला वाटलं होतं, पण आता तो हक्क उरला नव्हता.

लवू त्याला लिफ्टपर्यंत सोडायला आले. आयुष्य साच्यांच्या आवाजात काढलेला माणूस, एरवी जरा मोठ्यानेच बोलायचे. आता अगदी हळू बोलले.

"तुमी वायट म्हणून मुद्दाम केलास, असा मी म्हणूचंय नाय. पण आता हयसर येव नका."

विक्रांतने मान हलवली. लिफ्ट आली.

तो तिथून चालत निघाला तो परळ ओलांडून, लालबागवरून, भायखळ्यापर्यंत चालतच राहिला. घरी गेल्यावर अवनीला सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, हे किती दिवस चालवणार. तो म्हणाला, त्या आहेत तोवर. अवनी उठून आत गेली आणि नळ सोडून उगाचच भांडी घासत राहिली.

आठवड्याभराने रुपालीचा फोन आला. आई जेवायला लागली, म्हणाली. काल स्वतः उठून भात लावला. मग म्हणाली, "तुम्हाला शिव्या घालते. सकाळी उठल्यापासून घालते. पण जेवते." आणि लगेच तिने विचारलं, "खरं सांगा. त्यानं मागितलं होतं ना? मी त्याला ओळखते. आईनं शपथ घातली असेल तर तो मागितल्याशिवाय राहायचा नाही."

विक्रांत खिडकीशी उभा होता. रुपालीला सांगितलं तर एका माणसाला तरी खरं ठाऊक राहील, असा मोह त्याला झाला. पण ती रोज त्या घरात जाते, कधीतरी आईचं बोलणं तिला असह्य होईल आणि तोंडातून निघून जाईल.

"नाही," तो म्हणाला. "मागितलं नव्हतं."

रुपालीने बरं म्हटलं. तिचाही फोन त्यानंतर आला नाही.

क्लबने निलेशच्या नावाने एक सामना ठेवायचं ठरवलं. सेक्रेटरी राजेश तळपदे घाडीगावकरांना बोलवायला भोईवाड्याला गेला. लवूंनी त्याला चहा पाजला, येऊ म्हणाले, पण आगासकर असतील तर येणार नाही, असंही सांगितलं. का, ते राजेशने खोदून विचारलं तेव्हा लवूंनी विक्रांतच्या तोंडून ऐकलेलं सगळं सांगितलं. राजेश विक्रांतचा शाळेपासूनचा मित्र. त्याने घरी येऊन, चपला न काढता, दारातच विषय काढला. म्हणाला, तू त्या दिवशी येऊ नकोस, त्या म्हाताऱ्यांसाठी. विक्रांत बरं म्हणाला. राजेश काहीतरी खुलासा होईल म्हणून जरा वेळ उभा राहिला, मग निघून गेला. सामना झाला त्या दिवशी विक्रांत कोर्टाला सुट्टी असूनही ऑफिसात जाऊन बसला. पुढच्या मोसमात त्याला संघात घेतलं, पण पॅड बांधताना पूर्वी त्याच्या बाजूला जी जागेसाठी ढकलाढकल व्हायची ती होईनाशी झाली. पोरं चांगली होती. दादा म्हणायची. नजर मात्र चुकवायची.

हे सगळं अच्युतरावांच्या कानावर जायला वेळ लागला नाही. गिरगावात अशी गोष्ट मंदिराच्या पायरीवर बसलेली असते. एका संध्याकाळी त्यांनी विक्रांतला आपल्या खोलीत बोलावलं, दार लोटून घ्यायला सांगितलं.

"तो मुलगा नको म्हणत असताना तू त्याला पाठवलंस?"

विक्रांतने वडिलांकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर नेसून, काठी घेऊन भोईवाड्याला निघाला असता. माझ्या मुलावर किटाळ नको, म्हणून त्या अकराव्या मजल्यावर जाऊन त्यांनी सगळं उलगडून सांगितलं असतं. त्यांना अडवणं कुणालाच जमलं नसतं.

"हो," तो म्हणाला.

अच्युतराव बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसले. "असं करायला नको होतंस," ते म्हणाले, आणि दिवा लावायला सांगितलं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. त्या दिवाळीत फराळाला सगळे बसले तेव्हा ऋग्वेदाने आजोबांना खापरपणजोबांची गोष्ट सांगायला सांगितली. अच्युतराव म्हणाले, काय त्याच त्याच गोष्टी, आणि चकली मोडून तिच्या बशीत ठेवली.

ते पुढच्या वर्षी गेले. शेवटच्या दिवसांत विक्रांतच त्यांचं सगळं करत होता, अंग पुसत होता, कूस बदलत होता. एका दुपारी घरात दोघेच असताना सांगून टाकावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. बाबांना आता जिना उतरायचा नव्हता, भीती कसली? त्याने बाबा म्हणून हाक मारली. अच्युतरावांनी डोळे उघडले, पण त्यांची नजर आता माणसावर ठरत नव्हती. विक्रांतने तरी सांगितलं. सगळं सांगितलं, दारातल्या थंड वाऱ्यापासून. त्यांना किती कळलं, कळलं की नाही, ते त्याला आजही ठाऊक नाही.

त्यानंतरचा श्रावण संपला तेव्हाची गोष्ट. एका पक्षकाराकडून परतताना विक्रांत लालबागच्या बाजारातून चालला होता. मासळीच्या ओट्यांपाशी त्याला ओळखीचा आवाज आला. शांता पदर खोचून उभी होती आणि कोळणीशी पेडव्यांच्या वाट्यावरून हुज्जत घालत होती. अंगाने भरली होती. केस नीट विंचरलेले. ती कोळणीला काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. पिशवी भरून ती वळली आणि तिला विक्रांत दिसला.

तो रस्त्यातच थांबला. तिचं हसू गेलं. त्याने पाहिलं, की तिच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ आवळत गेली, डोळ्यांत जुना जाळ पेटला, आणि त्या जाळावरच ती उभी होती, ताठ, धडधाकट. ती जवळून गेली. जाताना बाजूला थुंकली. त्याच्यावर नाही, रस्त्याच्या कडेला.

विक्रांत एका दुकानाच्या फळीला टेकला. दुकानदाराने विचारलं, साहेब, बरं वाटत नाही काय, पाणी देऊ? त्याने पाणी घेतलं. गर्दीत तिची हिरवी साडी दिसेनाशी होईपर्यंत तो तिकडेच बघत होता. मग त्याने ग्लास परत दिला आणि डोळे पुसून गिरगावची बस धरली.